गोल्फचा स्विंग आणि गुडघा: कोन, मोमेंट, भार

वज्रेश्वरीत गोल्फ खेळणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. गुडघे धरून चालणारी माणसं मात्र रोज भेटतात. अकलोली आणि गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्यांपैकी बरेच जण गुडघ्यांसाठीच आलेले असतात. मग गुडघ्यावर लिहायचं तर गोल्फ कशाला, असं कुणीही विचारेल.

कारण सोयीचं आहे. गुडघ्याची हालचाल आणि गुडघ्यावर येणारा भार यांचा अभ्यास करायचा असेल, तर गोल्फच्या स्विंगसारखा आज्ञाधारक नमुना शोधून सापडत नाही. चेंडू स्थिर असतो. खेळाडू जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचे दोन्ही पाय दोन वेगळ्या फोर्स प्लेटांवर ठेवता येतात. तीच हालचाल तो दहा वेळा, वीस वेळा जवळजवळ तशीच करून दाखवतो. कबड्डीतल्या चढाईचा अभ्यास करणाऱ्याला विचारा, यातली एक तरी गोष्ट त्याला मिळते का.

आणि गोल्फ आपल्याला वाटतं तेवढा परकाही नाही. पूना गोल्फ क्लब १८९३ सालचा आहे, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला. त्याच्याबरोबरचा अनिर्बान लाहिरीही जन्माने पुण्याचाच.

आता मुद्दा. या विषयावर वाचायला सुरुवात केली की दोन प्रश्न एकमेकांत इतके मिसळलेले दिसतात की वाचणारा गोंधळतो. पहिला प्रश्न: स्विंगमध्ये गुडघा कसा हलतो? दुसरा: स्विंगमुळे गुडघ्यावर काय येतं? पहिल्याचं उत्तर कॅमेरा देतो. दुसऱ्याचं उत्तर कॅमेरा देत नाही. पीएचडीच्या प्रस्तावात बायोमेकॅनिक्स लिहिणारे कितीतरी जण पहिलं मोजतात आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढतात. हा लेख मुख्यतः त्या दरीबद्दल आहे.

आधी गुडघा करतो काय ते पाहू. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू घेतला, तर त्याचा डावा पाय चेंडू जाणार त्या बाजूला असतो. त्याला पुढचा पाय म्हणू, उजव्याला मागचा. उभं राहताना दोन्ही गुडघे थोडे वाकलेले असतात, खुर्चीवर बसायला निघालेला माणूस पहिल्या क्षणी जेवढा वाकतो साधारण तेवढे. क्लब मागे नेताना, म्हणजे बॅकस्विंगमध्ये, शरीर उजवीकडे फिरतं. पुढचा गुडघा आणखी वाकतो आणि आत, मागच्या गुडघ्याच्या दिशेने सरकतो. मागचा गुडघा आहे तेवढा वाकलेला राहतो किंवा थोडा सरळ होतो.

मग डाउनस्विंग. क्लब वरून चेंडूपर्यंत यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. क्लब खाली यायला लागण्याच्या आसपासच कंबर डावीकडे वळायला लागलेली असते आणि वजन पुढच्या पायावर जातं. चांगल्या खेळाडूंमध्ये इथे दोन्ही गुडघे किंचित खाली बसल्यासारखे दिसतात, उडी मारण्याआधी आपण बसतो तसे. त्यानंतर पुढचा गुडघा झपाट्याने सरळ होतो. चेंडू लागताना तो बराचसा सरळ झालेला असतो, आणि फॉलो-थ्रूमध्ये जवळजवळ पूर्ण ताठ. मागचा गुडघा या वेळात पुढच्याच्या दिशेने आत येतो आणि टाच उचलली जाते.

पुढचा गुडघा सरळ करण्याचा फायदा काय? पाय जमिनीला खाली ढकलतो, जमीन तेवढ्याच जोराने वर ढकलते. हा जोर डाव्या पायातून वर येतो आणि डावा खुबा वर आणि मागे रेटतो. डावा खुबा मागे गेला की कंबर फिरते. तिच्यामागून छाती, मग हात, शेवटी क्लब. एकेक भाग वेग घेतो आणि पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. म्हणजे गुडघा स्वतः फिरवण्याचं काम करत नाही. तो सरळ होतो आणि त्या सरळ होण्याचं फिरण्यात रूपांतर खुब्यापाशी होतं. हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड इथेच आहे.

गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा. वाकलेला असताना तो थोडा पिळता येतो. खुर्चीवर बसून, मांडी न हलवता पाऊल आतबाहेर फिरवून पाहा, नडगी फिरताना जाणवेल. आता उभं राहून गुडघा ताठ करा आणि तेच करून पाहा. पाऊल फिरेल, पण ते खुब्यातून; गुडघा बंद झालेला असेल. सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात नडगी आणि मांडीचं हाड एकमेकांत किंचित पिळून घट्ट बसतात, आटे आवळावेत तसे. गोल्फमध्ये पुढचा गुडघा नेमका याच अवस्थेकडे जात असतो, आणि नेमकं त्याच वेळी वरचं सगळं शरीर डावीकडे फिरत असतं. खाली पाऊल खिळ्यांच्या बुटात जमिनीला धरून बसलेलं. खुबा मोकळा असेल तर मांडीच्या हाडावर कंबर फिरते आणि सगळं सुरळीत होतं. खुबा आखडलेला असेल तर उरलेला पीळ जातो कुठे? गुडघ्याकडे, नाहीतर कमरेकडे.

प्रशिक्षकांमधला एक जुना वादही यातूनच येतो. मागचा, म्हणजे उजवा गुडघा बॅकस्विंगमध्ये वाकलेलाच ठेवा, असं एक मत. त्यामुळे कंबर कमी फिरते, खांदे मात्र पूर्ण फिरतात, आणि दोघांतला फरक जेवढा मोठा तेवढा धडातल्या स्नायूंवर ताण साठतो. जिम मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये या फरकाला ‘एक्स फॅक्टर’ म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. दुसरं मत असं की उजवा गुडघा सरळ होऊ द्यावा, कंबर सोबत फिरू द्यावी, पाठीला कमी पिळावं. माझं मत विचाराल तर ‘कुठला गुडघा बरोबर’ असा प्रश्नच चुकीचा आहे. पंचवीस वर्षांच्या व्यावसायिकाला जास्तीत जास्त अंतर हवंय, पासष्टीच्या माणसाला उद्याही खेळायला यायचंय. गुडघ्याचा एकच कोन दोघांसाठी वेगळा हिशोब मांडतो. शिवाय अंतर म्हणजे सगळं नव्हे. टोकियोतच अदिती अशोक लांब फटके मारणाऱ्यांत मागे असूनही चौथी आली.

आता दुसरा प्रश्न: गुडघ्यावर काय येतं? इथे तीन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला शिकणं हे निम्मं काम.

पहिली पायरी कोन. गुडघा किती वाकला, किती वेगाने. मार्कर किंवा व्हिडिओतून मिळतो.

दुसरी पायरी मोमेंट. जमिनीकडून येणारा जोर गुडघ्याच्या मध्यापासून किती अंतरावरून जातो, त्यावर तो गुडघ्याला किती वळवू पाहतो हे ठरतं. स्पॅनर जितका लांब तितका नट सहज फिरतो, तेच तत्त्व. हे काढायला कोन पुरत नाही. फोर्स प्लेट लागते, शरीराच्या भागांची वजनं लागतात, आणि मग खालून वर हिशोब करत जायचं. यालाच इन्व्हर्स डायनॅमिक्स म्हणतात.

तिसरी पायरी सांध्यावरचा प्रत्यक्ष भार, म्हणजे हाडाने हाडाला किती दाबलं. इथे बरेच जण फसतात, कारण त्यांना वाटतं की जमिनीचा जोर म्हणजेच गुडघ्यावरचा भार. एक छोटा हिशोब करू. सत्तर किलोचा माणूस, म्हणजे सुमारे ७०० न्यूटन. समजा तो एका पायावर गुडघा वाकवून उभा आहे आणि जमिनीचा जोर गुडघ्याच्या १० सेंटिमीटर मागून जातो. मोमेंट झाला ७० न्यूटन-मीटर. हा तोलायला मांडीच्या पुढच्या स्नायूने ओढायला हवं, पण त्या स्नायूला मिळणारं अंतर जेमतेम ४ सेंटिमीटर. म्हणजे त्याला १७५० न्यूटनने ओढावं लागेल. ही ओढ नडगीला मांडीच्या हाडावर दाबते, त्यात जमिनीचे ७०० मिळवा. बेरीज २४५०, वजनाच्या साडेतीन पट. माणूस नुसता उभा आहे, अजून स्विंग केलेलाही नाही. आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनीही ओढलं, तर मोमेंटचा आकडा तोच राहून भार आणखी वाढतो. म्हणून दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जातानाही अंदाज बांधावा लागतो.

तिसरी पायरी थेट मोजता येते का? एका परिस्थितीत येते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या कृत्रिम सांध्यातच सेन्सर असेल तर. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स क्लिनिकच्या डॅरिल डी’लिमा आणि सहकाऱ्यांनी असे सांधे बसवलेल्या मोजक्या रुग्णांना चालायला, सायकल चालवायला, टेनिस आणि गोल्फ खेळायला लावलं. २००८ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात साध्या चालण्यात भार वजनाच्या अडीच पटींच्या आसपास आहे. गोल्फच्या स्विंगमध्ये पुढच्या गुडघ्यावर तो साडेचार पटींच्या जवळ गेला, मागच्यावर तीन पटींच्या थोडा वर. सत्तर किलोच्या माणसाला डाव्या गुडघ्यावर क्षणभर तीनशे किलोच्या आसपास. ज्या खेळाला आपण ‘म्हाताऱ्यांचा फिरण्याचा खेळ’ म्हणतो त्यात!

हा आकडा वापरताना मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माणसं मोजकी होती, आणि गुडघे कृत्रिम होते. निरोगी, विशीतल्या खेळाडूचा वेग वेगळा, स्नायू वेगळे. आकडा थेट मोजलेला आहे म्हणून मौल्यवान आहे, पण तो सगळ्यांचा नाही.

दुसऱ्या पायरीवरचा एक अभ्यास मी प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगते. स्कॉट लिन आणि ग्विलेर्मो नोफाल यांचा, २०१० सालचा. प्रश्न अगदी लहान आहे. गोल्फ शिकवताना पुढचं पाऊल थोडं बाहेर वळवून ठेवा असं सांगतात. त्याने गुडघ्यावर काही फरक पडतो का? सात महाविद्यालयीन खेळाडू, दोन स्थिती: पाऊल सरळ आणि पाऊल बाहेर वळवलेलं. त्यांनी पाहिला गुडघ्याला आडवा वाकवू पाहणारा मोमेंट. याचे दोन प्रकार. एक गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाब वाढवतो, त्याला अ‍ॅडक्शन मोमेंट म्हणतात. उलट दिशेचा तो अ‍ॅबडक्शन मोमेंट. आतल्या बाजूची कूर्चा झिजण्याशी पहिल्याचा संबंध जोडला जातो.

निष्कर्ष: पाऊल बाहेर वळवल्यावर अ‍ॅडक्शन मोमेंटचं टोक खाली आलं. अ‍ॅबडक्शनच्या टोकावर फरक पडला नाही. आणि त्यांनी स्विंगमधल्या मोमेंटची तुलना चालणं, जिना चढणं, उडीवरून उतरणं, धावताना झटकन दिशा बदलणं यांच्या आधी छापून आलेल्या आकड्यांशी केली. अ‍ॅडक्शन मोमेंट या सगळ्यांपेक्षा स्विंगमध्ये जास्त निघाला.

आमच्या वज्रेश्वरी देवीच्या देवळाला बावन्न दगडी पायऱ्या आहेत. दुखऱ्या गुडघ्याची माणसं त्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत चढतात. पायरी चढताना गुडघ्याला आडवा वाकवणारा जो मोमेंट येतो, त्याहून मोठा मोमेंट एका फटक्यात येतो, आणि तो खेळाडूला जाणवतही नाही, कारण तो क्षणभराचा असतो. क्षणभराचा मोठा भार आणि बावन्न वेळा आलेला छोटा भार, यांत कूर्चेला जास्त वाईट काय? मोमेंटचं टोक याचं उत्तर देत नाही. भाराखाली गेलेला एकूण वेळ आणि आवर्तनांची संख्याही लागते. प्रश्न शोधत असाल तर हा घ्या.

लिन आणि नोफाल यांच्या अभ्यासाकडे थोडं चिकित्सकपणे पाहू. सातच माणसं, यावर लगेच नाक मुरडू नका. प्रत्येकाने दोन्ही स्थितींत फटके मारले, म्हणजे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच आहे. अशा रचनेत कमी माणसांतही फरक दिसू शकतो. खरी मर्यादा वेगळी आहे: सगळे तरुण, सगळे कुशल. गुडघा झिजलेल्या साठीच्या माणसाला ‘पाऊल वळवा, गुडघा वाचेल’ असं यावरून सांगता येत नाही. जिन्याशी केलेली तुलनाही वेगळ्या प्रयोगशाळांतल्या वेगळ्या माणसांशी आहे. ती दिशा दाखवते, सिद्ध करत नाही.

आणखी एक खुसपट, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाऊल बाहेर वळवलं की नडगीही वळते, आणि मोमेंट आपण नडगीच्याच अक्षांवर मोजत असतो. म्हणजे तोच जोर आता वेगळ्या अक्षांवर वाटला जातो. अ‍ॅडक्शन कमी दिसलं, तर तो भार खरंच कमी झाला की वाकवणाऱ्या मोमेंटच्या खात्यात जमा झाला? पाऊल वळवून चालण्याच्या अभ्यासांतही हाच प्रश्न येतो. एका अक्षाचं टोक देऊन थांबलेला निबंध वाचताना बाकीच्या दोन अक्षांचं काय झालं, हे विचारायची सवय लावून घ्या.

टायगर वुड्सचं उदाहरण तर येणारच. २००८ ची यूएस ओपन त्याने डाव्या नडगीला दोन स्ट्रेस फ्रॅक्चर आणि फाटलेलं एसीएल घेऊन ९१ होल खेळून जिंकली, आणि त्यानंतर लगेच त्याच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डावा गुडघा म्हणजे पुढचा गुडघा. तो चेंडूवर येताना हा गुडघा जोरात ताठ करायचा. झालं, ‘स्विंगने गुडघा खाल्ला’ अशी गोष्ट तयार. पण ते लिगामेंट आदल्या वर्षी धावताना गेल्याचं त्याने स्वतःच सांगितलं होतं. स्विंगचा वाटा नसेलच असं नाही. पण एका माणसाच्या गोष्टीतून कारण सिद्ध होत नाही, माणूस कितीही प्रसिद्ध असला तरी. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात टायगर वुड्स आला तर चालेल. गृहीतकाचा आधार म्हणून नको.

प्रयोगशाळा नसेल तर काय करायचं, हा तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न असेल. तालुक्याच्या गावी फोर्स प्लेट कुठून येणार. मोबाइल असतोच. मग मोबाइलने काय दिसतं आणि काय नाही ते पाहू.

वेगाचा हिशोब सोपा आहे. व्यावसायिकाच्या ड्रायव्हरचं टोक सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातं. सेकंदाला ३० चित्रं घेतली तर दोन चित्रांमध्ये ते दीड मीटरहून जास्त सरकलेलं असेल. २४० चित्रांच्या स्लो मोशनलाही २१ सेंटिमीटर. क्लबसाठी हे अपुरं. पण गुडघा हळू असतो. समजा पुढचा गुडघा ०.१५ सेकंदात ३० अंश सरळ झाला. ३० चित्रांच्या गतीला हे सगळं चार-पाच चित्रांत संपेल, दर चित्राला सहा-सात अंश. २४० ला एका चित्रात एक अंशाहूनही कमी. म्हणजे साध्या फोनचं स्लो मोशन गुडघ्याच्या वाकण्याला पुरतं.

अडचण वेगाची नाही, बाजूची आहे. आरशासमोर उभे राहा. एक गुडघा पुढे वाकवा. समोरून तो वाकलेला फारसा कळत नाही, कारण तो आरशाकडे वाकलाय. आता तसाच वाकलेला ठेवून सगळा पाय खुब्यातून आत फिरवा. आरशात गुडघा आत कोसळल्यासारखा दिसेल. गुडघ्यात काहीच बदललेलं नाही! फिरला तो खुबा. इंटरनेटवर ‘पाहा, गुडघा आत पडतोय’ म्हणून लाल रेघा मारलेले जे व्हिडिओ फिरतात, त्यांतल्या बऱ्याच रेघा सांध्याच्या नसून सावलीच्या असतात. एका कॅमेऱ्याने आडवा कोन मोजू नये. दोन फोन, काटकोनात ठेवलेले, आणि दोन्हींत दिसणारी एक टाळी वेळ जुळवण्यासाठी, एवढं तरी हवं.

महागडी यंत्रणा असली तरी एक गोष्ट सुटत नाही. मार्कर त्वचेवर असतात आणि मांडीची त्वचा हाडावरून सरकते. गुडघ्याच्या वाकण्यात ही चूक खपून जाते. गुडघ्याच्या पिळात मात्र चूकही काही अंशांची आणि खरी हालचालही काही अंशांचीच. पिळावर निष्कर्ष काढणारा निबंध दिसला की आधी पद्धतीचा भाग उघडा.

सराव म्हणून एक छोटा अभ्यास सुचवते. गोल्फ क्लब नको, विटी-दांडू घ्या. उडवलेल्या विटीला टोला मारताना खेळणारा पायांवर तसाच फिरतो, फक्त विटी हवेत असल्यामुळे फटका दर वेळी वेगळा होतो. तो फरक टाळायला विटीऐवजी कमरेच्या उंचीवर दोरीने टांगलेला चेंडू ठेवा. जमिनीवर खडूने पावलांच्या दोन खुणा करा: एक सरळ, एक तीस अंश बाहेर. दहा जण, प्रत्येकी प्रत्येक स्थितीत पाच टोले, स्थितींचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. मोजायचं फक्त पुढच्या गुडघ्याचं वाकणं, बाजूच्या फोनवरून, दांडू चेंडूला लागण्याच्या क्षणी. पाऊल वळवलं की गुडघाही कॅमेऱ्याच्या रेषेतून वळेल, म्हणून बाजूचा फोन खेळणाऱ्याच्या धडाच्या रेषेत न ठेवता पावलाच्या खुणेला काटकोनात लावा आणि स्थिती बदलली की तोही हलवा. तरी टोला लागेपर्यंत पाय थोडा फिरतोच. किती फिरला ते दुसऱ्या फोनवर तपासा. निष्कर्षात ‘भार’ हा शब्द येऊ देऊ नका. आणि विश्लेषणाआधी प्रत्येकाचे पाचही टोले एकाच आलेखावर काढून पाहा. एकाच माणसाच्या पाच टोल्यांतला फरक दोन स्थितींमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला, तर पाच टोले पुरेसे नव्हते.